शालिवाहन, संकेतस्थळे आणि आपले कार्यकर्ते

दर वर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी एक मजकूर चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कामगार वस्त्यांतील मोबाइलवर येऊन पडतो. इसवी सन ७८ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीने परकीय शकांचा समूळ नाश केला, त्या विजयाच्या स्मरणार्थ शालिवाहन शक सुरू केला आणि प्रजेने आनंदाने गुढ्या उभारल्या, असा त्याचा सारांश असतो. खाली कुठल्यातरी संकेतस्थळाचा पत्ता असतो. अलीकडे मुकुट ल्यालेल्या, भरदार मिशांच्या सम्राटाचे यंत्राने रंगवलेले चित्रही असते. हा मजकूर पुढे धाडणाऱ्यांत आपले कार्यकर्ते मागे नसतात. त्यांना हटकले तर उत्तर मिळते, "दहा संकेतस्थळांवर हेच लिहिले आहे." या उत्तराचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे.

कारखान्यातील खातेचौकशीत व्यवस्थापनाने "मी ऐकले" म्हणणारे दहा जण उभे केले, तर आपला कामगार प्रतिनिधी पहिलाच प्रश्न विचारतो, "पाहिले कोणी?" दहांनी एकाकडूनच ऐकले असेल तर साक्षीदार एकच उरतो, आणि तोही घटनेच्या वेळी हजर नसेल तर एकही उरत नाही. खातेचौकशीत हा विवेक दाखवणारा कार्यकर्ता दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाची गोष्ट आली की तो विवेक टोपीसारखा काढून खुंटीला का अडकवतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

शालिवाहन शकाचेच पाहू. गौतमीपुत्राने क्षहरात नहपानाचा पराभव केला, ही गोष्ट निर्विवाद आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पराभूताचे नाणे आपल्या मुद्रेने चालवणे याहून स्पष्ट साक्ष ती कोणती? पण त्याने नवी कालगणना सुरू केली, याला मात्र कसलाच समकालीन आधार नाही. उलट आधार भरपूर आहे. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरविलेला दीर्घ लेख आहे. त्यात पुत्राच्या पराक्रमाची स्तुती करताना तिने शब्दांची काटकसर केलेली नाही. पुत्राने कालगणना प्रवर्तित केली असती तर या माउलीने ते सांगितले नसते काय? आणि त्या लेखाचा काळ कसा दिला आहे? नातू पुळुमावी याच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष म्हणून! म्हणजे ज्याने शक सुरू केला म्हणतात, त्याचे घरच तो वापरत नव्हते. वापरत कोण होते? चष्टन, रुद्रदामन यांचे पश्चिमी क्षत्रप घराणे, म्हणजे प्रत्यक्ष शकच. रुद्रदामनाच्या जुनागढच्या प्रसिद्ध लेखात ७२ हे वर्ष आहे, ते याच गणनेचे. पुढे बदामीच्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे. त्यात शकराजाच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षे लोटल्याचे स्वच्छ म्हटले आहे. "शालिवाहन" हे नाव या गणनेला चिकटलेले दिसते ते अकराव्या ते तेराव्या शतकांच्या सुमारास, मूळ घटनेनंतर हजार वर्षांनी.

नहपानाचा काळ कोणता, यावर विद्वानांत वाद आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. नाशिक-जुन्नरच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक गणनेची मानणारे त्याला दुसऱ्या शतकाच्या पहिल्या चरणात ठेवतात. ती त्याच्या स्वतःच्या राज्यकालाची मानणारे काही नाणकशास्त्रज्ञ त्याला मागे, पहिल्या शतकात नेतात. या दुसऱ्या मताप्रमाणे गौतमीपुत्राचा विजय इ.स. ७८ च्या आसपासही येऊ शकेल. पण तो केव्हाही आला तरी कालगणनेचे पितृत्व त्यामुळे बदलत नाही. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून शक स्वीकारला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीला त्या गणनेच्या मुळाशी परकीय राजा आहे याची लाज वाटली नाही. आपल्याला वाटण्याचे कारण नाही.

आता असे पाहा, की हा सगळा पुरावा कुठे दडवून ठेवलेला नाही. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ सालचा आहे. कार्ले व नाशिक येथील लेखांचे सेनार यांनी केलेले वाचन "एपिग्राफिया इंडिका"च्या सातव्या व आठव्या खंडांत आहे, आणि हे जुने खंड आज संगणकावर फुकट उघडता येतात. मराठीत वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरील ग्रंथ १९७९ पासून उपलब्ध आहे. त्यात इतिहास आहे आणि मूळ लेखही आहेत. मराठी विश्वकोश तर मोबाइलवरच आहे. तेव्हा "संकेतस्थळ" म्हटले की नाक मुरडणाऱ्या माझ्या पिढीतील मित्रांशीही माझे जुळत नाही. छापील पुस्तकात थापा नसतात असे मानणाऱ्याने रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर एकवार नजर टाकावी. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, ही गोष्ट पसरवायला संगणक लागला नव्हता. प्रश्न कागदाचा की पडद्याचा हा नसून, सांगणारा आपल्याला मूळ दगडापर्यंत, ताम्रपटापर्यंत, नाण्यापर्यंत नेतो की नाही, हा आहे. जो लेख कोणत्या लेण्यात आहे, कोणी वाचला, वाचनात मतभेद कुठे आहेत हे सांगतो, तो चुकला तरी त्याची चूक पकडता येते. जो नुसते "इतिहासकार सांगतात" म्हणतो, त्याचे खरे असले तरी ते आपल्या कामाचे नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, म्हणून या व्यवहाराची आर्थिक बाजू नजरेआड करणे मला जमत नाही. अशा बहुसंख्य पानांचे उत्पन्न जाहिरातींतून येते, आणि जाहिरातीचा दर किती जणांनी पान उघडले, किती वेळ तेथे थांबले यावर ठरतो. मजकूर खरा असल्याबद्दल कोणी छदाम देत नाही. एका लेखाचे नीट वाचन करायला अभ्यासकाला महिने लागतात. "शकांचा कर्दनकाळ" या मथळ्याचे पान तासाभरात तयार होते, आणि आता तर यंत्र ते मिनिटात लिहून देते. शोधयंत्रात दोन्ही पाने शेजारीशेजारी, एकाच किमतीची म्हणून उभी राहतात. खोटे आणि खरे नाणे एकाच दर्शनी किमतीला चालवावे लागले की खरे नाणे व्यवहारातून नाहीसे होते, हा ग्रेशॅमचा नियम पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. येथे तो अक्षरशः लागू पडतो. फरक एवढाच की नाणे पारखायला सराफ होता. येथे पारख आपल्यालाच करावी लागणार.

नाणेघाटातील नागनिकेचे उदाहरण घ्या. तेथील लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी, कुमार यांची नावे वर कोरलेली आहेत. प्रतिमा नष्ट झाल्या असून पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. असे असता या राणीचे कमळासारखे डोळे आणि नाकातली नथसुद्धा दाखवणारी चित्रे सर्वत्र फिरत आहेत! चित्रकाराने कल्पना करावी, त्याला कोण अडवतो? पण खाली "कल्पनाचित्र" असे लिहिण्याचीही तसदी न घेणाऱ्या पानावरील मजकूर किती भरवशाचा असेल, याचा अंदाज त्या चित्रावरूनच बांधता येतो.

येथवर आपल्या वाचकांना माझे म्हणणे रुचले असेल, कारण आतापर्यंत दोष इतरांचा होता. आता आपल्या अंगणात येऊ.

बलश्रीच्या त्याच लेखात गौतमीपुत्राला "एकबम्हण" म्हटले आहे, क्षत्रियांचा दर्प हरण करणारा म्हटले आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हटले आहे. सनातनी मंडळींची संकेतस्थळे एवढाच तुकडा छापतात आणि वर्णव्यवस्थेचा रक्षक म्हणून त्याची आरती ओवाळतात. "एकबम्हण" या शब्दाचा अर्थ "अद्वितीय ब्राह्मण" असा घ्यायचा की आणखी काही, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे, हे ती सांगत नाहीत. मूळ लेख बौद्ध भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याचा दानलेख आहे, हेही सांगत नाहीत. ज्या घराण्याने वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी मारली त्याच घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची, म्हणजे शकाची, मुलगी होती, हे कान्हेरीच्या लेखावरून दिसते. तेही त्यांना गैरसोयीचे.

परंतु आपल्या बाजूची म्हणवणारी पाने काय करतात? ती दानाचा भाग छापतात आणि स्तुतीचा गाळतात. सातवाहन हे ब्राह्मणी धर्माशी झुंजणारे बौद्ध राजे होते, असे ठोकून देतात. नाणेघाटच्या लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई-कार्षापणांच्या दक्षिणेची लांबलचक यादी आहे, ती पाहिली की आपले मित्र एकदम मुके होतात. हे राजे यज्ञही करीत, भिक्षूंना लेणीही देत, आणि घाटमार्गांवरील जकातीवर दोन्हींचा खर्च भागवीत. हे सत्य कोणाच्याच मिरवणुकीला उपयोगी नाही, म्हणून कोणाच्याच पानावर नाही. "प्रतिपक्ष खोटे पसरवतो, मग आपण आपले का पसरवू नये?" असे एका तरुण साथीने मला विचारले. त्याला मी म्हटले की, प्रतिपक्षाला खोटे परवडते, कारण त्याच्यापाशी पैसा आहे, पडदे आहेत आणि प्रसंगी पोलीसही आहेत. आपल्यापाशी लोकांनी आपल्या शब्दावर ठेवलेला विश्वास सोडून दुसरे भांडवल कोणते? प्रवेशद्वारावरील सभेत आपण वेतनवाढीचे आकडे सांगतो तेव्हा कामगाराने ते खरे मानावेत अशी अपेक्षा असते. काल पाठवलेला इतिहास खोटा निघाला तर आजच्या आकड्यांवर तो का विश्वास ठेवील?

काही ज्येष्ठ साथी म्हणतील, कंत्राटी कामगार कायम होत नाही, किमान वेतन मिळत नाही, आणि प्राध्यापकमहाशय सातवाहनांत रमले आहेत. आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. पण या पट्ट्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. जमिनी औद्योगिक वसाहतींत गेल्या. मोबदल्याचे पैसे संपले. ज्यांच्या आजोबांचे शेत त्या शेडखाली आहे तो नातू त्याच शेडमध्ये ठेकेदारामार्फत, वर्षा-दोन वर्षांच्या बोलीवर उभा आहे. शेजारच्या यंत्रावर मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला त्याच्याच वयाचा मुलगा आहे. या दोघांना एकत्र आणणे हे आपले काम. दोघांना वेगळे ठेवणे ज्यांच्या सोयीचे आहे, ते कायम नोकरी देऊ शकत नाहीत, म्हणून एक सोनेरी पूर्वज देतात. त्याला काही खर्च येत नाही. ३० जुलै २०१८ रोजी आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. तिच्या मुळाशी इतिहास नव्हता, बेकारी आणि शेतीची दुर्दशा होती. पण त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, चाकणपासून फार दूर नसलेल्या भीमा-कोरेगाव परिसरात जे घडले, त्याआधी वढू बुद्रुक येथे इतिहासातील एका व्यक्तीविषयीच्या फलकावरून तणाव झाला होता. त्या हिंसेत एका तरुणाचा जीव गेला. इतिहासाची चुकीची ओळ ही केवळ विद्वानांची डोकेदुखी राहिलेली नाही.

आज "कुणबी" या एका शब्दावर महाराष्ट्राचे राजकारण डोलते आहे. अशा वेळी सातवाहनकालीन लेखांतील "महारठी" आणि "कुडुबिक" हे शब्द उचलून संकेतस्थळे वंशावळी जुळवू लागली आहेत. "महारठी" हे त्या लेखांत अधिकारपदासारखे येते. "कुणबी" शब्द "कुटुंबिन्" वरून आला अशी व्युत्पत्ती अनेक अभ्यासकांना मान्य आहे. पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे जातीचा दाखला नव्हे. त्या काळच्या कुटुंबिकाची जात आजच्या अर्थाने होती की नाही हेच मुळात तपासायचे आहे. आरक्षणाचा प्रश्न आजच्या दारिद्र्यावर आणि आजच्या वंचनेवर सोडवावा लागेल. त्यासाठी सातकर्णीला साक्षीला बोलावणारा, तो कोणत्याही बाजूचा असो, आपली दिशाभूल करतो.

उपाय म्हणून बंदी सुचवणारेही आपल्यात निघाले, याचे मला आश्चर्य वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा मजकूर काढून टाकावा म्हणून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिपीडियाला नोटीस धाडली, तेव्हा काही पुरोगाम्यांनीही समाधान व्यक्त केले. मजकूर आक्षेपार्ह होता की नव्हता, हा मुद्दा निराळा. पुराव्याची छाननी पोलीस ठाण्यात होऊ लागली तर उद्या कोणाचे लेखन काढले जाईल हे आणीबाणी भोगलेल्या पक्षाला कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून ग्रंथ आणि पोथ्यांची नासधूस करण्यात आली, तीही इतिहासपुरुषाच्या सन्मानाच्याच नावाने.

त्याच भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. देशभरच्या पोथ्या जमवून, ओळीओळीचे पाठभेद तळाशी नोंदवून हे काम जवळपास अर्धे शतक चालले. आम्ही हा पाठ स्वीकारला, हे इतर पाठ, आता तुम्ही ठरवा, असा तो बाणा होता. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे "इतिहास" आणि "चर्चा" अशी दोन दारे असतात. कोणती ओळ कोणी केव्हा बदलली आणि त्यावर काय भांडण झाले, ते तेथे दिसते. शंभरातल्या एकानेही ती दारे उघडलेली नसतात. उघडावीत. तळटीप आहे म्हणून समाधान मानू नये. ती कोठे नेते ते पाहावे. कित्येकदा ती वर्तमानपत्रातील लेखाकडे नेते, आणि त्या लेखकाने तो मजकूर याच पानावरून उतरवलेला असतो. यंत्र जे सफाईदार उत्तर देते त्याला तर अशी दारेही नसतात. त्याने दाखवलेला संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहिल्याखेरीज त्यातील एक शब्दही पत्रकात घालू नये.

मला स्वतःला या विषयात ज्यांनी वाट दाखवली ते दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती होते. नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी ती शेकड्यांनी तोलून झीज मोजावी, आणि लेण्यांचा अर्थ लावण्यासाठी डोंगर पायी तुडवावेत, ही त्यांची रीत. कार्ल्याच्या लेखांत पुन्हापुन्हा येणारे "धेनुकाकट" हे गाव काही विद्वानांनी दूर आंध्रात शोधले होते. कोसंबींनी ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले. त्या गावची माणसे लेखांत भेटतात: यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, चैत्याचे द्वार घडवणारा सामि सुतार. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तेथे आपल्या दानाची जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह म्हणून बढाई मारतो, आणि त्याच चैत्यावर सामि सुतारही आपले नाव कोरवून घेतो.

पण कार्ल्यापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. देहूरोड आणि तळेगाव यांच्या मध्ये घोरावडेश्वराचा डोंगर आहे. पिंपरी-चिंचवडचे शेकडो लोक तेथे व्यायामाला चढतात, महाशिवरात्रीला जत्रा भरते. या शेलारवाडीच्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या, नांगर धरणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबिकाची पत्नी सियगुतनिका हिने, गृहपती नंद या आपल्या मुलासह, हे लेणे दान केले, असा त्याचा आशय. एका नांगरधाऱ्याच्या बायकोचे नाव, आपल्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर, दगडात उभे आहे! तिच्यावर एकही पोवाडा नाही, चित्र नाही, सेना नाही. सम्राटांच्या नावाने गजबजलेल्या संकेतस्थळांवर तिला शोधायला गेलात तर मोठा शोध घ्यावा लागेल. शेतकरी कुटुंबापाशी लेणे कोरवण्याइतकी बचत कोठून आली, घाटातील व्यापाराचा त्याच्या शेतीशी संबंध काय, दान बाईच्या नावे का, हे प्रश्न समाजवादी म्हणवणाऱ्याला पडले पाहिजेत. शक कोणी सुरू केला याहून ते मला अधिक मोलाचे वाटतात.

सेवादलाच्या शिबिरांत वाढलेल्या पिढीला अभ्यासमंडळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण शाखांनी येत्या हंगामात एक करावे. गुरुवारी या भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. अशा एका गुरुवारी पंधरा-वीस कामगार साथींनी लोणावळा लोकलने बेगडेवाडी किंवा घोरावाडी स्थानकावर उतरावे. चाकणकरांना तळेगाव रस्त्याने येणे सोयीचे. बरोबर दोन कागद असावेत: एकावर त्या आठवड्यात मोबाइलवर आलेला, सातवाहनांविषयीचा कोणताही मजकूर, दुसऱ्यावर या लेखाचे प्रसिद्ध वाचन आणि त्याचे भाषांतर. लेण्यात बसून दोन्ही मोठ्याने वाचावेत आणि पहिल्या कागदावरील प्रत्येक वाक्यापुढे, त्याला कोणत्या दगडाचा किंवा नाण्याचा आधार दिला आहे, ते पेन्सिलीने लिहावे. ज्या वाक्यांपुढे काहीच लिहिता येणार नाही, त्यांची संख्या या साप्ताहिकाला कळवावी. मी ती वाचायला उत्सुक आहे.